ताणलेला दोर

सातव्यांदा ग्रेसी तोंडघशी पडली आणि तिच्या नाकातोंडात कळंबचा समुद्र चिखलासकट गेला.

"परत दोर ओढलास," बोटीतून जितेंद्र ओरडला. "सांगून सांगून थकलो. तू ओढायचं नाही. बोट ओढेल तुला."

"मी नाही ओढला."

"मग ढिला कसा पडला?"

दोर ढिला पडला होता हे खरंच होतं. दर वेळी तेच. पायांत वेकबोर्डचे, म्हणजे बोटीमागे उभं राहून घसरायच्या फळीचे बूट, गुडघे छातीशी, हात सरळ. बोट निघायची, दोर ताणला जायचा, बोर्ड पाण्याबाहेर यायचा, ती अर्धी उठायची, आणि नेमका तेव्हाच हातातला दोर सैल व्हायचा. मग आधी डोकं आपटायचं की आधी बोर्ड, एवढाच प्रश्न उरायचा.

जितेंद्र किनाऱ्यावरच्या रिसॉर्टचा मॅनेजर. मालकाने दुबईहून हा बोर्ड आणला, सोबत शिकवणारी सीडी आणली, आणि ती सीडी दोनदा पाहून जितेंद्र तज्ज्ञ झाला. स्वतः तो बोर्डवर कधी चढला नव्हता. पण पाहुण्या बायका-मुलींना शिकवायला त्याला एक मुलगी हवी होती, आणि ग्रेसी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली, पोहण्यात भल्याभल्यांना मागे टाकणारी. "फक्त तुम्हा कोळ्यांच्या हातात दोर आला की तुम्ही ओढणारच," असं तो सकाळपासून ऐकवत होता. आता ग्रेसीलाही तसंच वाटू लागलं होतं. दहा वर्षांची होती तेव्हापासून ती जाळी ओढत आली होती. या हातांना दुसरं काही जमतच नसेल तर?

बोट चालवायला तिचा बाप होता, युजीन. तीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर काढून, गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तो रिसॉर्टच्या स्पीडबोटीवर आला होता. लेकीसाठी जितेंद्रकडे शब्द त्यानेच टाकला होता. ती पडली की तो बोट वळवायचा आणि दोराची मूठ तिच्याजवळ आणून द्यायचा.

"ओढू नको गं, ग्रेसे," तो म्हणाला. "आनि पानी पिऊ नको."

"मी काय हौसेने पितेय?"

जितेंद्रने प्लॅस्टिकच्या पिशवीतून मोबाइल काढून वेळ पाहिली. "तासाभरात ओहोटी लागेल, मग इथे नुसता चिखल. आज उठलीस तर सोमवारपासून ये. नाहीतर बोरिवलीची एक मुलगी आहे, तिला फोन करतो."

आज नाही जमलं तर सोमवारी कुठे जायचं, हेही ठरलेलं होतं. शेजारच्या फ्लॉसी आंटीने वसईच्या एका कारखान्यात सांगून ठेवलं होतं. दिवसभर ट्यूबलाइटखाली बसून टूथब्रश खोक्यात भरायचे. खिडकीसुद्धा नव्हती तिथे.

आठव्यांदा ती पाठीवर पडली. नवव्यांदा बोर्ड कपाळावर बसला. दहाव्यांदा तिने स्वतःच्या हातांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायका एव्हाना काम सोडून मजा बघत बसल्या होत्या.

अकराव्या वेळी, जितेंद्रची नकारार्थी हलणारी मान दिसायला नको म्हणून, तिने रागाने डोळे मिटून घेतले. दोर ताणला. ती उठू लागली. आणि डोळे मिटलेले असल्यामुळे तिला ऐकू आलं. आधी इंजिनाचा आवाज उतरला. मग दोर सैल झाला. मग ती पडली.

ती पोहत बोटीपाशी आली आणि काठ धरून राहिली. युजीन मान मागे वळवून तिच्याकडेच बघत होता. उजवा हात रेसच्या लिव्हरवर होता.

"डॅडी, मी उठायला लागले की तू रेस कमी करतोस."

"मी? नाय गं."

पण त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. तीस वर्षं तो असाच मागे बघत बोट चालवत आला होता. दोर ताणला, जाळ्यावर भार आला, की रेस कमी करायची. नाहीतर जाळं फाटतं. हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. विचारही करावा लागत नव्हता. हात करून मोकळा व्हायचा.

"भार आलेला दिसला की..." तो ओशाळून म्हणाला.

"मग माझ्याकडे बघू नको."

"बघनार नाय तर तू पडलीस ते कळनार कसं?"

"हे सांगतील," ग्रेसीने जितेंद्रकडे बोट दाखवलं. जितेंद्रने मोबाइल पिशवीत टाकला आणि तिच्याकडे तोंड करून बसला.

युजीनने क्रुसाची खूण केली. तोंड समुद्राकडे केलं. लिव्हरवरच्या उजव्या हातावर डावा हात दाबून धरला आणि बोट सोडली.

दोर ताणला. खांदे निखळतात की काय असं तिला झालं. बोर्ड वर आला, ती अर्धी उठली, आणि सवयीने दोर सैल व्हायची वाट बघत राहिली. तो सैल झाला नाही. तिचे गुडघे सरळ झाले. पायांखालचं पाणी ओट्यासारखं घट्ट लागलं. किनाऱ्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. "उठली," जितेंद्र ओरडला, "युजीन, उठली ती."

समोर बापाची पाठ होती. मान खांबासारखी ताठ, कान लाल झालेले. ती मान वळली नाही.

'डॅडी, आता बघ,' अशी हाक ग्रेसीच्या अगदी ओठांवर आली. पण हाक मारली असती, तर त्याने पाहिलं असतं.