झिजलेला वायसर

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रोज वीतभर कमी व्हायचं. आठवडाभर मी सगळ्यांना फैलावर घेत होते. प्लंबरने टाकी पाहिली, सांधे चाचपले आणि शेवटी तो सासूबाईंच्या मोरीत आला. नळाची बारीक धार चालूच होती. दारात सासूबाईंनी संधिवाताने वाकलेली बोटं पाठीमागे लपवली. त्याने ती पाहिली. "वायसर झिजलाय. हा नळ पैलवानाकडूनही बंद झाला नसता," म्हणत त्याने दांडीवाला नळ बसवला. सासूबाईंनी कोपराने दांडी ढकलली, धार थांबली. "मी म्हणत होते ना, नळच खराब आहे," त्या ठसक्यात म्हणाल्या. जुन्या नळातला वायसर त्याने गुपचूप माझ्या हातावर ठेवला. धड होता, कुठे चीरसुद्धा नाही. "फारच झिजला होता का गं?" सासूबाईंनी विचारलं. मी मूठ मिटली. "पार गेला होता, आई. दादा, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."