शेजारच्या झाडाचं कौतुक

जेथ्रोच्या बागेतलं सगळ्यांत जुनं सफरचंदाचं झाड काही वर्षं रुसलं होतं. "यंदाही फळ धरलं नाही, तर तोडणार," असं त्यानं जाहीर केलं, तेव्हा टॅम्सिन, त्याची बायको, जेवली नाही. झाड तिच्या वडिलांनी लावलेलं.

जानेवारीत, वासेलच्या, म्हणजे गाऊन-पाजून सफरचंदाची झाडं जागवायच्या सणाच्या संध्याकाळी, आम्ही सगळं गाव झाडाची मनधरणी करायला निघालो. धुकं एवढं, की पुढच्याचा कोट धरून चालावं लागलं. बुंध्याशी सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ओतली, सायडरमध्ये भिजवलेला पाव फांद्यांवर टांगला, भुतं पळवायला बंदुका उडवल्या, घसा बसेपर्यंत गायलो. सकाळी पाहतो तर पाव कुंपणापलीकडे, एनकच्या झाडावर! आणि एनकचं नि जेथ्रोचं तर बोलणंही नव्हतं.

सफरचंदं उतरवायच्या दिवसांत एनकच्या झाडावर औषधालाही फळ नव्हतं. जेथ्रोचं झाड मात्र ओझ्यानं वाकलेलं.

"हे असं कसं गं?" जेथ्रो चक्रावला.

"एनक घरात किती राबतो याचं मी कौतुक केलं, की तू कसा भांडी घासायला धावतोस? तसंच," टॅम्सिन म्हणाली.

म्हणून यंदा आम्ही मुद्दाम एनकच्या बागेत शिरून त्याच्या झाडाचं तोंडभर कौतुक गायलो. मध्येच थबकलो. कुंपणाच्या पलीकडून, थेट जेथ्रोच्या झाडाखालून, एनकचा भसाडा आवाज येत होता.

जेथ्रोला राहवेना. "एनक, सूर चुकतोय तुझा!"

"मग इकडे येऊन धर ना!" एनक ओरडला. "झाड तुझंच आहे!"