गुरुवारचा ट्रेक

"कात्री कुठंय?" वैजनाथरावांनी विचारलं.

"बाबा, डोंगर चढायचाय, ऑपरेशन नाही करायचं," उत्कर्षा म्हणाली आणि तिनं पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. सव्वानऊ.

"गुरुवारी ट्रेक?"

"ऑफिसचा आहे. शनिवार-रविवारी राजगडावर जत्रा असते."

राजगडबिजगड काही नव्हतं. अकरा वाजता विवाह नोंदणी कार्यालयात तिचं आणि कासिमचं लग्न होतं. खराडीच्या ऑफिसात तिच्या शेजारी बसणारा कासिम. दोन वर्षांपूर्वी तिनं त्याचं नाव काढलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "हा विषय या घरात नको." आज त्यांनी नुसतं "जाऊ नकोस" म्हटलं असतं, तरी तिचा पाय उचलला नसता.

आणि हे गृहस्थ निवांत फर्स्ट एडचा डबा भरत बसले होते. कापूस, गॉज, मुरगळल्यावर बांधायची पट्टी. प्रत्येकावर बॉलपेननं लिहिलेली चिठ्ठी.

"ही तापाची गोळी कापलेल्या पाकिटातली. तारीखच नाही हिच्यावर. कुठल्या जन्मातली कोण जाणे. थांब, नवी आणतो."

"उशीर होतोय, बाबा."

"गड कुठं पळून जातोय?"

ते खाली उतरले. कासिमचा मेसेज आला, "निघालीस?" उत्कर्षानं सॅक उचलली, ती दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. तोंडावर खोटं बोलणं एक वेळ जमलं होतं, पण बाबांच्या मागं पळ काढणं जमेना. तिला स्वतःचाच राग आला.

बाबा पंधरा मिनिटांनी आले. गोळ्या डब्यात ठेवल्या.

"सोबत कोण?"

"शर्मिला आणि ऑफिसमधले दोघं."

"म्हणजे तिघं. बरं. काही राहिलं का?"

"नाही."

"बघ, आठव."

"काही नाही, बाबा."

तिनं डबा सॅकमध्ये कोंबला आणि वाकून नमस्कार केला. ट्रेकला निघताना ती कधी नमस्कार करत नसे. ते तिच्या उशिरा ध्यानात आलं. बाबा आत गेले. बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून.

"तुम्ही कुठं निघालात?"

"तुमच्या लग्नाची नोटीस महिनाभर लागलीय नोंदणी कार्यालयाच्या फळ्यावर. मला वाचता येतं," ते कुलूप शोधत म्हणाले. "चल. साक्षीदारांत पहिली सही माझी."