दोन शितं

अंधेरीच्या लिलाव कंपनीत विद्याधरने लहानपणापासून जपलेली कॉमिक्स विकायला नेली. पारखायला बसलेली गार्गी अंक बघून हरखली, पण एका पानाशी थबकली.

"काका, हे कशाने चिकटवलंय? गोंद वाटत नाही."

"भाताच्या शितांनी. आम्हा भावांच्या ओढाताणीत पान टर्रकन फाटलं. आईने जेवण वाढता वाढता दोन शितं बोटाने चिरडून चिकटवलं."

"टेन्शन नको. आमचा माणूस शितं अलगद काढून पान नीट जोडेल. मग लिलावात झकास भाव येईल बघा."

विद्याधर घुटमळला. "काढलेली शितं मला देशील?"

गार्गीला हसू आलं. "त्या वाळक्या शितांचं काय करणार, काका?"

"आईच्या हातचं आता तेवढंच उरलंय गं."