विशीतली पाठ

"पन्नाशीचा असणार," डीनसरांनी मणका उजेडात धरला आणि निकाल देऊन टाकला. "काठ बघा कसे झिजलेत. जन्मभर राबला आणि गेला बिचारा."

डिसेक्शन हॉलमधल्या स्टीलच्या टेबलावर सांगाडा मांडला होता. कुठल्याशा टेकडीवर तीन हजार वर्षांपूर्वी वस्ती होती, तिथल्या उत्खननात तो निघाला होता. तो घेऊन आलेल्या संशोधक बाई मऊ ब्रशने बरगडीवरची माती झाडत होत्या. कॉलेजात विद्यार्थी स्वास्थ्य सप्ताह चालू होता आणि आजचं व्याख्यान त्यांचं होतं. 'प्राचीन माणसाचं निरोगी जगणं' हा विषय डीनसरांनीच ठरवून दिला होता. दाराशी तसा फलकही लागला होता, हसऱ्या सूर्याच्या चित्रासकट.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला एक इंटर्न उभी होती. बॅचमध्ये तिला सगळे काडी म्हणत. तशी ती होतीच, आणि आता तर तिने ॲप्रन घातलाय की ॲप्रनने तिला उभं धरलंय, हे सांगणं कठीण होतं. कालपासून ती वॉर्डात होती. आधी स्वतःची ड्युटी, मग रूममेटची. रूममेट परवा एका पेशंटला सलाईन लावता लावता तिथेच कोसळली आणि आता त्याच वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर, स्वतः सलाईन लावून पडली होती. तरी तिला निरोप आलाच: आज रात्री कामावर हजर व्हा, नाहीतर इंटर्नशिप सहा महिने लांबेल. निरोप घेऊन येणाऱ्या क्लार्कने तो खाटेशी उभं राहून वाचून दाखवला होता.

"सर, तिला आठवडाभर तरी सुट्टी द्या," काडी म्हणाली. हे तिचं तिसऱ्यांदा सांगून झालं होतं. "तिला धड उभंही राहता येत नाहीये."

"आमच्या वेळी तीन-तीन दिवस पाठ टेकायला मिळायची नाही," डीनसर म्हणाले. "काय झालं आम्हाला? चांगले धडधाकट आहोत. तुमचं जरा कुठे दुखलं की लगेच सुट्टी!" मग ते सांगाड्याकडे वळले. "याला दिली होती का कोणी सुट्टी? हेच सांगणार आहे मी आज सुरुवातीला. कष्ट काय असतात ते पोरांना एकदा दिसू दे."

काडीने सांगाड्याकडे नीट पाहिलं, ते खरं तर डीनसरांकडे बघवेना म्हणून. मग ती वाकली आणि तिने कॉलरबोन हळूच उचललं.

"सर, हा पन्नाशीचा नाही."

"म्हणजे?"

"याचं छातीकडचं टोक अजून हाडाला जुळलेलंच नाही, ते तिशीपर्यंत जुळतं. विशीतला आहे हा." तिने हाड त्यांच्यापुढे धरलं. "पहिल्या वर्षी तुम्हीच शिकवलंत. हाड किती झिजलं त्यावरून वय सांगू नका, जुळलंय का ते बघा."

डीनसरांनी चष्मा लावला, हाड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. "असेल. एखादा अपवाद असतो."

"अपवाद नाही, सर," संशोधक बाई म्हणाल्या. ब्रश त्यांनी खाली ठेवला होता. "टेकडीच्या पायथ्याशी अशांची रांगच आहे. मुलगे आहेत, मुली आहेत, सगळे याच वयाचे. माना आणि पाठी अशाच खचलेल्या. खालच्या खाणीतला दगड डोक्यावरून वर न्यायचे. लहानपणापासून."

"आणि म्हातारे?" काडीने विचारलं. "म्हातारे नव्हतेच का त्या वस्तीत?"

"होते ना. ते वर, तटाच्या आत पुरलेले सापडले. चांगले पिकून गेलेले लोक. त्यांचे मणके बघशील तर थक्क होशील गं. कसलं ओझं म्हणून उचललेलं नाही."

"वा!" डीनसर हसले. "म्हणजे शिस्त होती तर वस्तीला. ज्याचं काम त्याने करायचं."

काडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, तो मेलाय," ती म्हणाली. "विशीत मेलाय तो! शिस्त कसली म्हणताय?"

तिचा आवाज हॉलभर घुमला. डीनसरांनी एकदा बाईंकडे पाहिलं आणि आपला आवाज मुद्दाम खाली आणला. "पाहुण्यांसमोर तमाशा नकोय मला. आधी तोंड धुऊन ये. मग दाराशी फलकाजवळ उभी राहा, पाहुण्यांचं स्वागत तुझ्याकडे. आणि तुझी मैत्रीण येणार नसेल, तर आज रात्री तिच्या जागी तूच. कळलं? आणि जरा हसतमुखाने. स्वास्थ्य सप्ताह आहे."

काडीने कॉलरबोन होतं तिथे, होतं तसं ठेवलं. आता बोललं तर आपलेही सहा महिने गेले, हे तिला चांगलं ठाऊक होतं. घरी आई रोज फोनवर विचारायची, झाली का गं डॉक्टर? तिला काय सांगायचं ते नंतर बघता येईल.

"मी येणार नाही, सर. रात्री मी तिच्या खाटेशी बसणार आहे."

"मग वॉर्डात कोण उभं राहणार?"

"तुम्ही राहा," काडी म्हणाली. "तुमची पाठ चांगली आहे."