नऊ जणींची वंदना

“हाही नको,” म्हणत बाबूरावांनी सातवा हेडफोन काउंटरवर ठेवला. जेल रोडवरचा तो दुकानदार तरी अजून दम धरून होता.

“अंकलजी, बेस तो देखो इसका. पूरा सीना हिल जाएगा.”

“भिया, सीना नहीं हिलवाना. जो जैसा है, वैसा सुनना है. और डेढ़ हजार के अंदर.”

“बाबा, हाच घेऊन टाका ना,” त्यांची मुलगी नंदिनी म्हणाली. “गद्दी किती सॉफ्ट आहे. कान दुखणार नाहीत. आवाज तर सगळ्यांचा सेमच असतो.”

हे कुणाला सांगावं, तर बाबूरावांना! टेलिफोन एक्स्चेंजात बिघाड शोधण्याच्या टेबलावर त्यांची एकतीस वर्षं गेली होती. डोक्याला हेडसेट लावायचा आणि नुसत्या खरखरीवरून तार कुठे खराब झालीय ते सांगायचं. बाबूरावांच्या कानाला कुणी फसवू शकत नाही, असं सगळं ऑफिस म्हणायचं. तेही कधी नाकारत नसत.

त्यांच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ होता. दोन वर्षांपूर्वी चौदा एप्रिलला महूला नऊ जणींनी म्हटलेली बुद्धवंदना. पुढच्या रांगेत त्यांची बायको गिरिजा उभी होती. त्याच जुलैत तिला घशाचा कॅन्सर निघाला. फार उशीर झालाय, म्हणाले डॉक्टर. थंडी पडायच्या आत ती गेली.

आपला आवाज रेकॉर्ड केलेला तिला मुळीच खपायचा नाही. कुणी फोन पुढे केला की तोंडावर पदर धरायची. त्यामुळे मागे राहिला तो एवढाच आवाज, आणि तोही नऊ जणींत मिसळलेला. मोबाइलवर सगळा नुसता कालवा व्हायचा. बाबूरावांना त्यातून गिरिजाला वेगळं काढून ऐकायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

दुकानदाराने शेवटी खालच्या कप्प्यातून एक साधा काळा हेडफोन काढला. “ये पब्लिक नहीं लेती, अंकलजी. रेकॉर्डिंगवाले ले जाते हैं. बेस-वेस कुछ नहीं. तेरह सौ.”

नंदिनीने तो आधी आपल्याच हातात घेतला. “वायरवाला आहे, बाबा. आजकल कोण घेतं असा? चला, उद्या परत येऊ.”

बाबूरावांनी तो तिच्या हातातून घेऊन कानांवर चढवला. टोपीसारखा हलका बसला. वंदना सुरू झाली आणि त्यांचा चेहरा उजळला. एकेक आवाज सुटा येत होता.

बिघाडाच्या टेबलावरची रीत त्यांच्या हाडात मुरली होती. ओळखीच्या लाइनी एकेक करून बाजूला काढायच्या, उरेल ती आपली. त्यांनी डोळे मिटले आणि बोटं दुमडायला लागले. प्रमोदिनीताई, नेहमीप्रमाणे अर्धा सूर खाली. अरुंधती, सगळ्यांच्या पुढे पळणारी. शोभनावहिनी. मग नंदिनीचा बारीक आवाज, आईच्या अगदी शेजारून. अशी आठ बोटं दुमडली. नववं तसंच उभं राहिलं.

त्यांनी पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा, डोळे उघडे ठेवून. पांढऱ्या साडीतली गिरिजा प्रत्येक शब्दाला ओठ हलवत होती. आवाज नव्हता.

त्या एप्रिलमध्ये घसा बसलाय, म्हणायची. ऊन बाधलं, म्हणायची. अख्ख्या शहराच्या तारा ऐकणाऱ्या माणसाने ते खरं मानलं होतं.

त्यांनी हेडफोन काढला. नंदिनी दुकानाच्या काचेबाहेर बघत होती. तिचे गाल ओले होते.

“तू शेजारी उभी होतीस,” ते म्हणाले. “तुला माहीत होतं.”

“मार्चमध्ये मीच नेलं होतं तिला डॉक्टरकडे. तुम्हाला अजून सांगू नकोस, म्हणाली.”

“चार महिने? अगं, इलाज झाला असता. कशासाठी थांबली ती?”

नंदिनीने गाल पुसले.

“जूनमध्ये माझं लग्न होतं, बाबा.”