सरळ रेषेतले गुण

मुलीची डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा गुरुवारी होती आणि नियमाप्रमाणे ही तिची शेवटची संधी होती. दर रविवारी ती खोलीचे दार लावून सराव चाचणी देई, बाहेर येऊन गुण सांगे आणि मी ते आलेखाच्या कागदावर मांडत असे. गेले सात आठवडे गुण दर वेळी बरोबर तीन टक्क्यांनी वाढत होते. उत्तीर्णतेची लाल रेषा केव्हाच मागे पडली होती.

"अहो, आता तरी कपाळावरच्या आठ्या काढा," तिची आई म्हणाली. "पोरगी पास झाल्यात जमा आहे."

माझी उभी हयात कारखान्यात यंत्रांची मापे घेण्यात गेली. खरी मापे थोडी तरी वरखाली होतातच. पट्टीने आखल्यासारखी रेषा येते ती माप न घेता आकडे भरले तर. मी मुलीला समोर बसवले आणि आलेख तिच्यापुढे सरकवला.

"खरे गुण किती पडतात, बाळा?"

तिने आलेख उलटा करून ठेवला.



"बाबा, एकदा गुण घसरले होते, तेव्हा तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नव्हतात."